चार इंचांची पायरी

सर चित्रकला शिकले, मग त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं आणि उभी हयात स्तूप-लेण्यांच्या अभ्यासात घातली. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी भिंतीवर तळहात ठेवतात, मग बोलतात. तेही पुस्तकी. आम्ही बाभुळगावकर त्यांना जरा दबकूनच असतो.

आमच्या नव्या विहाराचा आराखडा त्यांचाच. उंच चौथरा, नऊ पायऱ्या. आम्हा समितीवाल्यांना फोटो चांगला येईल एवढंच कळत होतं. पायऱ्या बांधून झाल्या तेव्हा गल्लीतली एक म्हातारी पाहायला आली आणि पहिल्याच पायरीपाशी थांबली.

"मी खालूनच हात जोडीन, सर. माह्याच्यानं चढणं नाही होत."

सर तिच्या पायाशी बसले. खिशातून टेप काढला. "माय, पाय उचल बरं. होते तेवढाच."

पाय चार इंच उचलला गेला. सर गवंड्याकडे वळले. "तोड ह्या पायऱ्या. चूक माही हाय."

नवाच्या अठरा झाल्या. परवा त्यांचा एक जुना विद्यार्थी आला, पायऱ्या न्याहाळत म्हणाला, "सर, हे माप कोणत्या लेण्यातलं?"

सरांनी आत बसलेल्या म्हातारीकडे बोट दाखवलं.