शेवंतीकाकी आणि उपाशी पोटची साखर

गोव्यातल्या सर्वण गावात शेवंतीकाकीला कोणी भीत नाही, पण तिच्या स्वयंपाकघराला सगळे भितात. तिची नजर चुकवून दारावरून सटकलं तरच माणूस डिचोलीच्या बसला वेळेवर पोचतो. एकदा का आतून "इलंस? बस बघू" ऐकू आलं, की बस गेलीच म्हणून समजायचं. मीटर बघायला येणारा, टपालवाला, मतं मागायला आलेले दोन्ही पक्षांचे लोक, सगळ्यांनी तिच्या सोप्यावर बसून उंडा, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खाल्लेली आहे. एका पक्षाच्या माणसाने दोनदा.

काकीला स्वतःचं मूल नाही. दिराचा साईश आई गेल्यापासून तिच्याच हाताखाली वाढला. बाप मुरगावला बंदरात कामाला, सणासुदीला उगवणारा. साईश डॉक्टरीला लागला तेव्हा काकीने गावभर पेढे वाटले आणि त्याच दिवसापासून स्वतःच्या गुडघ्याचं औषध बंद केलं. आता घरातच डॉक्टर होणार, तर बाहेरच्याला कशाला विचारायचं, असा तिचा हिशेब. साईशला अजून साडेपाच वर्षं लागणार होती. गुडघ्याने वाट बघायची होती.

तिचा नवरा धाकूकाका खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक मागच्या परसात उभा राहिला. हळूहळू ट्रकावर दोडक्याचा वेल चढला आणि काकाच्या पोटावर सदऱ्याचं बटण बसेनासं झालं. वाड्यावरच्या सगळ्याच ट्रकवाल्यांची ही गत. दिवसभर सोप्यावर बसून खाण कधी सुरू होणार यावर चर्चा, आणि दर चर्चेला चहा.

हे बघूनच साईशला त्याचा विषय सुचला: खाण बंद झाल्यावर घरी बसलेल्या ट्रकचालकांच्या रक्तातली साखर. रोगी तपासता तपासता संशोधनही करू पाहणाऱ्या मुलांसाठी पणजीला विभागीय परिषद भरायची होती. गोवा, कोकण, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडून पोरं येणार. निवडलेल्यांनी मंचावर उभं राहून आपलं काम सांगायचं. साईशच्या कॉलेजातल्या मॅडमनी त्याला रात्रंदिवस कामाला जुंपलं होतं.

रक्त घ्यायचं ठरलं ते काकीच्याच सोप्यावर, रविवारी सकाळी. साईशने आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. काकीने ते नीट ऐकलं होतं. तिला कळलं नव्हतं असं मुळीच नाही. पण सकाळी एवढे बाप्ये दाराशी आले, तेही अंगातलं रक्त द्यायला, तेव्हा तिला राहवेना.

"रगत देवचां म्हणजे काय खेळ आसा?" ती शेजारच्या विमलाला म्हणाली. "उपाशी पोटान सुई टोचली तर भोवळ येवन पडतले."

सोप्यावर साईश आणि त्याचे मित्र नळ्या मांडत होते. मागे परसात, ट्रकाच्या आडोशाला, काकीने चहाचं टोप ठेवलं. पदेराकडून, दारावर येणाऱ्या पाववाल्याकडून, टोपलीभर उंडे घेतले. ट्रकवाले एकेक करून मागच्या दाराने आत, चहात बुडवलेला उंडा पोटात, आणि तोंड पुसत पुढच्या दारी, हात पुढे. "साईशाक सांगू नकात," काकीने दम भरला होता. कोणी सांगितलं नाही. फुकटचा नाश्ता मिळाला की माणसं तोंड घट्ट ठेवतात.

निकाल आले आणि साईश हादरला. अर्ध्याहून जास्त ट्रकवाल्यांना साखर. मॅडम खूश, निबंध परिषदेत मंचासाठी निवडला गेला, आणि वाड्यावर सुतक पसरलं. शेजारच्या सगुण ट्रकवाल्याने भात सोडला. बायकोशी जमिनीच्या वाटणीचं बोलू लागला.

परिषदेला पंधरवडा उरला असताना साईशने घरातच भाषणाची तालीम केली. काकी भाजी चिरत ऐकत होती. "हे सर्व जण रात्रभर काही न खाता आले होते," असं तो म्हणाला, तेव्हा तिची विळी थांबली.

"आणि कोणी वायच च्या घेतलेलो असलो तर?" तिने भाजीकडे बघत विचारलं.

"तर काय, सगळं पाण्यात." साईश हसला. "पण तसं कोण करतलो?"

काकी पुढचे दोन दिवस गप्प होती. ती गप्प आहे म्हटल्यावर धाकूकाकाला वाटलं, हिचा गुडघा दुखतोय. सगुण दारावरून गेला, वाळल्या चिपाडासारखा, आणि हिने त्याला हाक मारली नाही, तेव्हा मात्र काकालाही काहीतरी बिनसल्याचं कळलं. काकीच्या डोक्यात एकच घोळत होतं: साईश मंचावर उभा राहणार, सुटाबुटातल्या लोकांना खोटे आकडे सांगणार, आणि त्याला ते खोटे आहेत हेही माहीत नसणार. सांगावं तर पोराचं मंचावरचं पाऊल आपणच मागे ओढलं. न सांगावं तर सगुण भाताविना मरायचा.

तिसऱ्या दिवशी साईश पानावर बसला. काकी वाढायला वाकली नाही. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आदी आयक," ती म्हणाली, "मगीर जेव."

तिने सगळं सांगितलं. टोप, उंडे, ट्रकाचा आडोसा. साईश रिकाम्या ताटाकडे बघत राहिला.

"सगळ्यांनी खाल्लां?"

"सगुणान तीन."

साईशने ताट बाजूला सारलं. मग धाकूकाका म्हणाला, "कोणाक कळतलां? आमी कोण सांगतलंव?"

"माका कळलां मरे," साईश म्हणाला.

त्याने मॅडमना फोन लावला. काकी दाराआड उभी राहून ऐकत होती, पण पलीकडून काही ऐकू येईना. फोन ठेवल्यावर साईशनेच तिला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, पुन्हा रक्त घ्यायच्या परवानगीचं मी बघते, लोक पुन्हा तयार होतात का बघ, नाहीतर नाव मागे घ्यायचं.

लोकांना तयार करायला काकी स्वतः घरोघर गेली. ते तिला जमणारच होतं. न जमणारं काम रविवारी सकाळी होतं.

पदेराने भोंगा वाजवला. काकीने बाहेर येऊन त्याला परत पाठवलं. बिचाऱ्याने विचारलं, "घरात कोण वारलां?" मागचं दार आतून बंद केलं. चूल पेटवली नाही. सोप्यावर ट्रकवाले कोरड्या तोंडाने ओळीत बसलेले, आणि काकी उंबऱ्यावर, पदराचं टोक पिळत.

"शेवंती, घोटभर च्या तरी दी गो," सगुण मुद्दाम म्हणाला. "भोवळ येता."

"पड मेल्या," काकी म्हणाली. "डॉक्टर हंयच आसा."

पण तिचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारातून माणसं तशीच जात होती, आणि ती नुसती बघत होती.

नव्या निकालात साखरवाले अगदी थोडे निघाले. सगुण ठणठणीत, त्या दुपारी त्याने इतका भात खाल्ला की संध्याकाळी खरोखरच डॉक्टरला बोलवायची पाळी आली. धाकूकाकाची साखर मात्र खरी निघाली. काकीला ते कळल्यावर तिने काकाला काही म्हटलं नाही. फक्त साखरेचा डबा फळीवर, त्याचा हात पोचणार नाही असा, वर ठेवला.

परिषदेला ती गेली. ठेवणीतली साडी, गुडघ्याला तेल, शेवटची रांग. साईशने आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्ही पडद्यावर दाखवले. पहिले का टाकून दिले तेही सांगितलं. एका म्हाताऱ्या परीक्षकाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "पण खायला दिलं कोणी?"

साईशने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "माझ्या काकीने, सर. त्या मागे बसल्या आहेत."

अख्खं सभागृह मागे वळलं. काकीने पदर सावरून हात जोडले, जसे ती देवळात जोडते. लोक हसले, पण वाईट नाही. परीक्षक म्हणाले की गावात जाऊन काम करणाऱ्याने आधी घरातल्या बाईला विश्वासात घ्यावं, आणि मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बक्षीस मिळालं कोल्हापूरच्या एका मुलीला. तिने उंदरांवर काम केलं होतं. पिंजऱ्यातले उंदीर, मोजून दिलेलं खाणं, नेटके आकडे.

बाहेर पायऱ्यांवर काकीने साईशचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. तो नीटसा वाचता येईना. "माझ्यामुळां गेलां?" तिने विचारलं.

"नाय गो. तिचां काम खरांच बरां होतां."

"बरां आसतलांच," काकी म्हणाली. "त्या उंदरांक काकी खंय आसा?"

साईश हसायला लागला, आणि पायऱ्या उतरायला त्याने तिचा हात धरला.