नाहीतर

टपालताई हे नाव तिला तपासणी केंद्रातल्या लोकांनी पाडलं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. रक्ताचे, लघवीचे सगळे रिपोर्ट ईमेलने घरोघरी जात. ते पाठवणारा सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत तिच्या राखणीत होता. बरीच वर्षं तो निमूट चालला, पण या आठवड्यात त्याने मान टाकायला सुरुवात केली. चालू करावा, जरा बरं वाटावं, की पुन्हा ठप्प. रिपोर्ट अडकले, फोन खणखणू लागले, आणि व्यवस्थापकसाहेबांचा पारा चढला.

"हे कोणामुळे होतंय ते मला आज कळलं पाहिजे," ते म्हणाले. "त्या माणसाला घरी बसवतो. नाव आणा, नाहीतर..."

त्यांची धमकी नेहमी इथेच थांबायची. पुढचं बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

बंद पडण्याआधी सर्व्हरने शेवटचं काय हातात घेतलं होतं, ते तिने नोंदींत पाहिलं. दर वेळी तोच एक पत्ता सापडला, आणि तो धड पत्ता नव्हताच. आधी एका आजोबांचा ईमेल, मग चक्क मराठीत 'नाहीतर', मग त्यांच्या लेकीचा ईमेल, सगळं एकाच चौकटीत. सर्व्हरला याचा अर्थ लागत नव्हता, आणि तो जागीच कोसळत होता.

हा कारभार कोणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. स्वागतकक्षात पत्ते टाइप करायला नुकतीच लागलेली तिची धाकटी जाऊ. मुलं मोठी झाल्यावर, घरातल्यांनी नाकं मुरडली तरी मिळवलेली पहिली नोकरी. तसं दोघींचं एका ओट्यापाशी कधी पटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने जावेला गाठलं. "अगं, दोन पत्ते एकत्र का लिहितेस?"

"चौकट एकच आहे ना, ताई. आजोबा म्हणाले, मला पाठवा, नाहीतर लेकीला. म्हणून तसं लिहिलं." जावेचा चेहरा उतरला. "का, काही बिघडलं?"

"आधी जेव तू."

टपालताईला राग आला होता, पण माया त्याहून जास्त वाटली, आणि याचंच तिला नवल वाटलं. जे पत्त्यासारखं दिसत नाही ते बाजूला ठेवायचं आणि पुढचं काम करायचं, एवढं तिने सर्व्हरला शिकवलं. फॉर्मवर दुसऱ्या पत्त्यासाठी वेगळी चौकट जोडली. मग ती साहेबांकडे गेली.

"कोणाची चूक?"

"सर्व्हरची. पत्ता चुकला तर पोस्टमन पाकीट परत आणतो, साहेब. दारात प्राण सोडत नाही. आता यालाही तसंच शिकवलं आहे."

"टाइप कोणी केलं ते विचारतोय मी."

"ते मी सांगणार नाही."

"सांगा, नाहीतर..."

ती उभीच राहिली. साहेबांनी उगाच टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. बाहेर कधीपासून एकही फोन वाजला नव्हता, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

"नाहीतर राहू द्या," ते म्हणाले.