पायऱ्यांचा मोर

चिंचोळीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं स्क्रोल सॉ घेतलं. टेबलावर बसवलेली छोटी करवत. केसासारखं पातं जागच्या जागी वर-खाली नाचतं आणि आपण लाकूड फिरवत राहायचं. नाजूक वळणं कापायला यासारखं मशीन नाही. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते मांडलं. उन्हाळ्यात तिथं माणूस भाजून निघतो, पण हौस म्हटल्यावर काय बोलणार.

चित्रं काढायची बायको. तिचे वडील चादरींची नक्षी काढायचे, ग्राफ पेपरवर, तेलुगूत चौकोन मोजून. चादरीत वळण असतंच कुठं? एक चौकोन वर, एक बाजूला, अशा पायऱ्यापायऱ्यांनी मोराची मान वळते. हिचाही हात तसाच. वळणांचं मशीन आणून मी कापत बसलो जिने.

"अगं, मोर आहे की जिना? जरा गोल काढ की," मी चिडवायचो.

"मोर असाच असतोय. चादर बघितली न्हाय का कधी?"

प्रत्येक पायरीला लाकूड काटकोनात वळवताना पाती तुटायची. मी शिव्या घालायचो, पण कापायचो तसंच. एखादी पायरी चुकली तर ती नुसतं बोट फिरवून पकडायची.

मग तिला काचबिंदू निघाला, तोही फार उशिरा. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते उरलेली टिकावी म्हणून, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेलीही टिकेना. तरी सकाळ-संध्याकाळ मी थेंब घालतो. आशा म्हणून नाही. न घालून तरी काय करू?

परवा म्हणाली, "देव्हाऱ्याला मोर काढते. कागद द्या."

दिवा जवळ ओढून, नाक कागदाला टेकवून ती दुपारभर बसली होती. चित्र हातात घेतलं. मोराची मान गोल आली होती. तिनं चौकोन मोजले असतील, पण पेन्सिल एकावरही थांबली नव्हती. ग्राफ पेपरच्या फिकट रेघा तिला दिसल्याच नव्हत्या.

इतकी वर्षं मागत होतो ते मिळालं, आणि तो कागद फाडून टाकावासा वाटला. फाडला नाही. मैद्याची खळ लावून प्लायवर चिकटवला आणि कापला. एकही पातं तुटलं नाही. मशीन बंद केल्यावर मला रडू आवरेना. शेवटी तोंड पुसलं, भुसा झटकला आणि मोर नेऊन तिच्या हातात दिला.

तिनं मानेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"पायऱ्या कुटं गेल्या? तुमी गोल केलं व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "हात घसरला."

"माझा मोर बिघडवला की!" ती खरंच चिडली. "थांबा, परत काढते. आता चौकोन सोडून कापलात तर बघा."

तिनं चाचपत नवा कागद पुढ्यात ओढला. तो पालथा होता, कोरी बाजू वर. त्यावर पेन्सिल टेकवून ती वडिलांसारखी तेलुगूत चौकोन मोजू लागली. मी कागद सरळ केला नाही.