सरांनी केलेला खून

आमच्या सरांना डास मारण्याआधीसुद्धा त्याची बाजू समजून घ्यावीशी वाटे. असा माणूस खुनाची रहस्यकथा लिहायला बसला, तेव्हा नेवाशात त्यांच्याबरोबर रोज चहाला बसणाऱ्या आम्हा मंडळींनी कपाळाला हात लावला.

त्याआधी सरांच्या तीन जाडजूड, गंभीर कादंबऱ्या आल्या होत्या. पुण्याच्या समीक्षकांनी त्या वाखाणल्या. नेवाशाने सरांना शाली दिल्या, नारळ दिले, पण पुस्तक काही उघडलं नाही. सरांना ते फार लागे. "अरे, ज्यांच्यावर लिहिलं त्यांनी एकदा तरी शेवटचं पान गाठावं रे," असं ते म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी त्याचाच ध्यास घेतला.

खून पहिल्याच पानावर हवा, असं मी त्यांना बजावलं होतं. निम्मी कादंबरी झाली तरी साखर कारखान्याचा चेअरमन आपला ठणठणीत. "त्याचं बालपण कळल्याशिवाय त्याला मारायचं कसं?" सर मलाच विचारू लागले. आतून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ओरडल्या, "अवं, उद्या पाव्हणे यायचेत. तवर उरका की त्याला!"

शेवटी चेअरमन मेला आणि पुस्तक आलं. त्यातला खुनी म्हणजे आपणच, अशी एका माजी सरपंचांनी समजूत करून घेतली. भर चौकात त्यांनी सरांना गाठलं. "सर, म्या असला गबाळा खून केला असता व्हय?"

सर हरखले. "म्हणजे तुम्ही वाचलीत?"

"न्हाई, लोक म्हनत्यात."

सरांचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवशी त्यांनी चहाही अर्धाच घेतला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. प्रवरेच्या घाटावर दशक्रिया झाली. आमच्याकडे दशक्रियेला प्रवचनामागोमाग श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि माइक हातात आला की कुणी लवकर सोडत नाही. सरपंचांनीही तो घट्ट धरला. "सर गेल्यावर म्या त्यांची कादंबरी वाचली. दोन रात्री झोपलो न्हाई. खुनी मी न्हाई, ह्ये आज जाहीर सांगतो. खरा खुनी तर त्यो..."

"ओ सरपंच, सांगू नका!" घाटावर एकच गलका उठला. "आमचं वाचायचं ऱ्हायलंय!"

मला हसू आवरेना आणि रडूही. हे ऐकायला सर हवे होते.

तेवढ्यात बायकांमधून काकू उभ्या राहिल्या. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बसा खाली, सरपंच. माझी बी थोडी पानं ऱ्हायलीत."