हाताशी बोलणारी मोटार

कान्हे गावच्या रखमाजीला मोटारीतलं सगळं कळायचं, आकडे तेवढे सोडून. इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे, ताशी किती मैल पळते, हे कुणी त्याला सांगायला लागलं की तो अदबीनं मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, संपव बाबा लवकर. आणि नशिबानं त्याला मालक मिळाले होते ते आकड्यांचे भक्त. बॅरिस्टर त्रिलोकेकर मुंबईच्या कोर्टात वकिली करत आणि शनिवार आला की घाट चढून लोणावळ्याच्या आपल्या बंगल्यावर येत. विलायतेहून मोटारींची मासिकं मागवायची, तांबड्या पेन्सिलीनं आकड्यांखाली रेघा ओढायच्या आणि जेवताना ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, हा त्यांचा छंद. बाईसाहेब कंटाळून पानावरून उठून जात. दाराशी उभ्या रखमाजीला जाता येत नसे, कारण तो पगारी माणूस.

आधी तो साहेबांची बग्गी हाकायचा. एकोणीसशे एकोणीस साली साहेबांनी पहिली मोटार घेतली आणि रखमाजीनं लगाम टाकून स्टेरिंग धरलं. पण सवय बग्गीचीच राहिली. घोड्याच्या मनात काय आहे ते लगामातून हाताला कळतं, तसं मोटारीचंही कळलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट. त्यासाठी तो पायातल्या वहाणा काढून, अनवाणी मोटार चालवायचा. साहेबांच्या पाहुण्यांना याची गंमत वाटे. रखमाजीला त्यांच्या बुटांची वाटे.

सव्वीस साली साहेबांना वेगाची मोटार घ्यायचं मनात आलं. पुण्याच्या लष्कर भागातल्या एका दुकानातून दोन मोटारी लोणावळ्याला आल्या. एक लांबलचक, करडी, बघणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी. दुसरी हिरवी, आटोपशीर, तिच्यापुढे अगदी धाकटी बहीण दिसणारी. दुकानाचा माणूस गळ्याला टाय लावून आला होता आणि करडीचे आकडे सांगताना त्याला दम लागत होता. साहेबांनी मनातल्या मनात करडी घेऊनही टाकली होती. फक्त रीत म्हणून त्यांनी रखमाजीला दोन्ही मोटारी कामशेतपर्यंत नेऊन आणायला सांगितल्या.

रखमाजी परत आला, वहाणा हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, करडी मुकी हाय.”

“म्हणजे काय?”

“म्हंजी रस्ता तिला सांगतो, पर ती आपल्याला काय बी सांगत न्हाई. समदं पोटात ठिवती. हिरवी तशी न्हाई. चाकाखाली खडी आली तर खडी म्हनती, माती आली तर माती म्हनती. हिच्या संगं मानूस बोलत जाईल.”

टायवाला हसला. “अहो, करडीत वीस घोडे जास्त आहेत!”

“असत्याल की,” रखमाजी म्हणाला. “आमी बैल घेताना त्येचं वजन करत न्हाई, मालक. जुपून बगतो.”

साहेबांनी दोन दिवस घेतले. पुन्हा पुन्हा मासिक उघडून बघत आणि मिटत. शेवटी त्यांनी हिरवी घेतली आणि बाईसाहेबांनी महिनाभर दोघांशी अबोला धरला, कारण हिरवीत त्यांच्या ट्रंका मावत नव्हत्या.

ट्रंकांची ती तक्रार पुढे कायमची मिटली. अठ्ठावीसच्या श्रावणात सगळं कुटुंब घेऊन ते खोपोलीहून घाट चढत होते. धुकं असं की बॉनेटचं टोक दिसेना. शिंगरोबाचं देऊळ मागं पडलं आणि एका वळणावर रखमाजीच्या हातातलं स्टेरिंग एकाएकी हलकं झालं. इतकंच. डोळ्यांना काही दिसलं नाही, कानाला काही ऐकू आलं नाही. रखमाजीनं मोटार डोंगराच्या अंगाला ओढून उभी केली. साहेब खाली उतरून चार पावलं मागे गेले आणि तिथेच थबकले. कठड्यासकट रस्त्याची कड दरीत गेली होती आणि मोटारीच्या चाकाची रेघ त्या तुटक्या कडेला लागून आली होती. साहेबांच्या म्हाताऱ्या आईनं रखमाजीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. रखमाजी पार लाजून गेला.

तिथून त्याचं नाव झालं. खंडाळ्यापासून वळवणपर्यंत कुणा बंगलेवाल्याला मोटार घ्यायची असली की आधी रखमाजीला बोलावणं जाई. हा अनवाणी बसायचा, कामशेतपर्यंत जाऊन यायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. मुकी, बडबडी, लबाड, गुणाची. वर कारण विचारलं तर म्हणायचा, “हाताला इचारा.” मंडळी हसत, पण त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. अशी आठ-नऊ वर्षं गेली. रखमाजी या दिवसांत खरोखर सुखी होता. ते त्याला कळतही होतं, आणि असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं.

सदतीसच्या थंडीत एकदा त्याची बायको झुंबरबाई चुलीपुढे भाकरी करत होती. तवा उतरवायला फडकं सापडेना म्हणून रखमाजीनं तो हातानंच उचलून बाजूला ठेवला. झुंबरबाई किंचाळली.

“अवो, हात भाजला की! कळलं न्हाई व्हय?”

“ड्रायवरचा हात हाय,” तो हसत म्हणाला. “वीस वर्सं स्टेरिंग धरून घट्टं पडल्यात.”

फोड आला, फुटला, बरा झाला. उजव्या हाताची करंगळी अलीकडे सरळ होत नव्हती, तेही त्यानं स्टेरिंगच्याच नावावर घातलं. झुंबरबाईनं दोनदा डॉक्टरचं नाव काढलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा तो तिच्यावर खेकसला.

अडतीस साली हिरवी थकली; हल्ली ती बोलेनाशी झालीय, असं रखमाजीलाही वाटत होतं. साहेबांनी नवी घ्यायचं ठरवलं आणि या वेळी तीन मोटारी दारात आणून उभ्या केल्या. त्यांनी मासिकांत तांबडी पेन्सिल झिजवली होती, पण ती फक्त मौज म्हणून. निवड रखमाजीची, हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं.

पहिली घेऊन तो कामशेतला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “मुकी, साहेब.”

“अरे, ही तर हाताला सगळ्यांत जास्त सांगणारी म्हणून नावाजलेली आहे!”

“मुकी हाय.”

दुसरी नेली. ही तर पहिलीहून वाईट. कामशेतच्या उतारावर त्यानं ती मुद्दाम खडीत घातली, गाडीवाटेच्या चाकोरीत घातली. हातात काही येईना. स्टेरिंग धरलंय की हवेत हात धरलेत, असं वाटायला लागलं. त्याला मोटारीचा रागच आला. “आताच्या मोटारी समद्या बिघडल्यात, साहेब. लोकास्नी मऊ पायजे, म्हून ह्यांनी त्यांची जीभच काढून टाकली.”

तिसरी शर्यतीच्या धर्तीवर बांधलेली होती, बाभळीसारखी ताठ. साहेबांनी ती केवळ संख्या भरायला बोलावली होती. फाटकाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात तिनं असा दणका दिला की तो रखमाजीच्या मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात गेला. आणि रखमाजीचे डोळे भरून आले. किती दिवसांनी! कार्ल्याच्या फाट्यापर्यंत तो एकटाच मोठमोठ्यानं हसत गेला. परत येऊन उतरला तेव्हा वहाणा घालायचंही त्याला भान नव्हतं.

“बोलती, साहेब! ही बोलती!”

साहेबांनी त्याचा आनंद बघितला आणि मोटार घेतली.

दोन महिन्यांनी एका रविवारी साहेबांना हुक्की आली. रखमाजीला शेजारी बसवून ते स्वतः मोटार चालवत खोपोलीला उतरले आणि तिथून घाट चढून आले. खंडाळ्याला पोचेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला, मग मोटार थांबवून हात झटकायला लागले.

“काय रे ही मोटार! स्टेरिंग आहे की सोटा? बघ, तळवे सोलून निघाले माझे. तू रोज कशी चालवतोस हिला?”

“मला तर काय बी होत न्हाई, साहेब.”

“बघू तुझे हात.”

रखमाजीनं हसत हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर फोड फुटून कातडी लोंबत होती. डाव्या हाताची जखम जुनी होती, तिच्यात पू झाला होता. रखमाजी त्या हातांकडे असा बघत राहिला की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

साहेबांनी ते हात उजेडाकडे वळवून नीट निरखले. मग हळूच म्हणाले, “रखमाजी, डोळे मीट. मी कुठल्या बोटाला हात लावतोय ते सांग.”

रखमाजीनं डोळे मिटले. वाऱ्यानं झाडं हलत होती, खालून आगगाडीची शिट्टी आली. तो वाट बघत होता.

“लावा की, साहेब,” तो म्हणाला.

“लावलाय,” साहेब म्हणाले.

पुण्याच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली, कानाच्या पाळ्या चाचपल्या, पाठीवरचा फिक्कट चट्टा बघितला आणि साहेबांना आत बोलावून घेतलं. गावाकडे या महारोगाला रगतपिती म्हणतात आणि नाव घेताना आवाज खाली आणतात. कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं सुरू झाली, पण गेलेलं परत येणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साहेबांनी पगार बंद केला नाही. मोटार मात्र त्याच आठवड्यात फिनेल टाकून धुतली गेली. ती धुताना रखमाजी आपलं बोचकं बांधत होता. त्यानं ते बघितलं आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कान्ह्याला त्याचा भाऊ भिमाजी राहत होता. त्यानं गावात न घेता रस्त्याकडेच्या शेतात खोप घालून दिली. भिमाजी वाईट माणूस नव्हता, घरात लग्नाच्या दोन मुली होत्या. त्यानं झुंबरबाईला घरात राहायला सांगितलं. ती म्हणाली, “भावजी, त्यास्नी भाकर कोन मोडून घालनार?” आणि आपली दोन पातळं काखेत मारून शेतात राहायला आली.

लोकांना वाटे, रखमाजी रोगानं खचला. रोगाचं दुःख होतंच, पण त्याचं काळीज दुसरंच काही कुरतडत होतं. संध्याकाळी तो झुंबरबाईला तेच तेच सांगायचा.

“त्या मुक्या नव्हत्या गं. दोनी बी. चांगल्या मोटारी व्हत्या. बोलत असत्याल, मलाच ऐकू ईना. आन मी त्यास्नी नावं ठिवली.”

“जाऊ द्या आता.”

“आन दोन वर्सं ह्या हातांनी मी घाट चढलो. मागं लेकरं बसलेली असायची. स्टेरिंग हलकं झालं असतं तर मला कळलं असतं का?” आणि मग तो खूप वेळ रडायचा. आपण कुणाला मारलं नाही, हे त्याला समजावता येत नसे. मारलं असतं, एवढंच त्याला दिसे.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी टळटळीत दुपारी शेताच्या बांधापाशी एक मोटार येऊन थांबली. निळी, कोरी, अजून दुकानाचीच. साहेब एकटेच चालवत आले होते. रखमाजी घोंगडीत हात लपवून बाहेर आला आणि आठ-दहा पावलांवर उभा राहिला.

“ती शर्यतीची काढून टाकली,” साहेब म्हणाले. “आता ही बघायला घेतलीय. ये, बस. कामशेतपर्यंत चालवून आण.”

“न्हाई, साहेब.”

“मला काही होत नाही रे. बस.” साहेबांनी उतरून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. “बरं, मी चालवतो. तू नुसता शेजारी बस. तळपायांना तर कळेल?”

“पाय बी गेलं, साहेब.”

साहेब उघड्या दाराला धरून उभे राहिले.

“तुमच्या हाताला कशी लागती?” रखमाजीनं विचारलं.

“मला कळत नाही, रखमाजी. मला कधीच कळलं नाही. इतकी वर्षं मी तुझ्याच हातानं मोटारी घेतल्या.”

रखमाजीनं मोटारीकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाला, “आकडं हायेत का?”

“काय?”

“मोटारीचं चोपडं असंल की आत. आकडं वाचा. मी ऐकतो.”

साहेबांनी पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि भर उन्हात उभं राहून इंग्रजीचं मराठी करत वाचायला सुरुवात केली. ताशी मैल. गॅलनला मैल. वजन. सिलिंडर. मध्ये दोनदा ते अडले, तेव्हा त्यांनी पान उलटल्याचं निमित्त केलं. रखमाजी मान खाली घालून एकेक आकडा लक्ष देऊन ऐकत होता, शाळेत पहिल्यांदा बसलेल्या पोरासारखा.

“घोडं किती म्हनला?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“अठ्ठ्याऐंशी,” त्यानं म्हणून बघितलं. “लय झालं की, साहेब. घ्या. हीच घ्या.”

साहेबांनी पुस्तिका मिटली. उघडं राहिलेलं दार लावलं आणि ते मोटारीत बसले. निळी मोटार लोणावळ्याच्या बाजूला वळली आणि धुरळा खाली बसेपर्यंत रखमाजी बांधावर उभा राहिला.

खोपीच्या दारातून झुंबरबाईनं विचारलं, “साहेब आल्तं व्हय? कशी हाय मोटार?”

“अठ्ठ्याऐंशी घोड्यांची हाय,” रखमाजी म्हणाला.