न मोजलेला पाऊस

बिराजीतात्यांच्या पर्जन्यवहीत आकड्यांच्या मध्येमध्ये मोकळे रकाने असत, आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं असे. 'ओढा चढला, पलीकडं जाता आलं न्हाय.' 'भांडं भरून वाहिलं, वरचा पाऊस किती ते ठाऊक न्हाय.' एकदा तर, 'वानरानं नरसाळं पळवलं.'

यंदा थंडीत तात्या गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बारामतीत कालव्याच्या कचेरीत कारकून होतो, तेव्हाची आमची ओळख. ते मूळचे निरवांगीचे. घरात पूर्वी मेंढरं होती; त्यांच्यामागे ते लहानपणीच भोरपलीकडच्या डोंगरापर्यंत चालत गेले होते. पुढे त्याच डोंगरात, नीरेच्या उगमाकडे, त्यांना पाऊस मोजायचं काम मिळालं. वळवापासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी कड्यावर चढून पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, आणि खोपटाजवळच्या ओढ्यात रोवलेल्या पट्टीवर पातळी वाचायची. दिवाळीला गावी येताना ते वही स्वतः आणून देत. टपालावर त्यांचा विश्वास नव्हता.

"तात्या, मोकळं ठेवण्यापेक्षा शून्य तरी टाकत जा," आमचे हेडक्लार्क एकदा चेष्टेनं म्हणाले.

"शून्य म्हंजी मी बघितलं आन् पाणी न्हवतं. मोकळं म्हंजी मी बघितलंच न्हाय. दोन्ही एक कसं हुईल, रावसाहेब?"

एका वर्षी पुण्याहून पत्र आलं: नोंदी अपुऱ्या असलेली केंद्रं बंद करण्यात येतील. तेवढ्या उंचीवर तात्यांचं एकच केंद्र होतं. ते वाचवायचं म्हणून, वहीची पक्की प्रत काढताना मी पायथ्याच्या केंद्राच्या आकड्यांवरून हिशेब करून सगळे रकाने भरले. रीत पुस्तकातलीच होती. पण हे अंदाज आहेत, असं मी कुठेही लिहिलं नाही.

तात्या आले. प्रतीवरून फिरणारं त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"भाऊसाहेब, ह्यो अठ्ठेचाळीस कुणी मोजला?"

"अंदाज आहे, तात्या. नाहीतर केंद्र जाईल. तुमचं कामही जाईल."

"त्या दिशी मी तापानं फणफणलो हुतो. वढ्याची पट्टी आमच्या मंडळीनं वाचली. ही बघा, बोटभर बी चढलेली न्हाय. एवढा पाऊस पडला असता तर वढा गप बसला असता व्हय?"

मी वहीतली त्या दिवसाची पातळी आदल्या दिवसाशी ताडून पाहिली.

"मेंढरू हरवलं तर शेजारच्या कळपातलं मोजत न्हाईत," ते म्हणाले. "खाली आमच्या गावाला पाणी किती मिळंल, त्ये ह्याच आकड्यांवर ठरवत्यात. काम जाऊ द्या. पर माझ्या नावावर पाऊस पाडू नका."

मी ती प्रत फाडली, मोकळ्या रकान्यांसकट दुसरी काढली आणि पुण्याला पाठवली. पुढचे काही महिने तात्या निरवांगीला कांदा खुरपत राहिले. बाजाराला आले की दारातूनच विचारत, "पुण्याचं काय आलं न्हाय ना? बरं." आणि निघून जात. त्या 'बरं'नंतर माझं कामात लक्ष लागत नसे.

उन्हाळ्यात पुण्याचे एक अधिकारी आले. त्यांनी सगळ्या केंद्रांच्या वह्या मागवल्या आणि एकेका दिवसाचा पाऊस ओढ्याच्या पातळीशी ताडून पाहिला. काही वह्या शेवटच्या रकान्यापर्यंत भरलेल्या होत्या, पण त्यांत पाऊस एक सांगत होता आणि ओढा दुसरंच. तात्यांच्या वहीत दोघांचा मेळ होता.

त्यानंतर मी कुठल्याही तक्त्यात अंदाजाला अंदाज म्हटल्याशिवाय जागा दिली नाही. मात्र निकाल हाती आला त्या दिवशी मला फक्त तो सांगायची घाई होती. तात्या आल्याबरोबर मी अधिकाऱ्यांचा शेरा मोठ्यानं वाचून दाखवला: 'नोंदी अपुऱ्या, परंतु विश्वासार्ह. केंद्र चालू ठेवावे.'

"अपुऱ्या कशापायी?" तात्या उसळून म्हणाले. "जेवढं बघितलं तेवढं सगळं हाय की त्यात!" आणि लगेच पिशवी उचलून, वळवाच्या आत वर पोचायला पाहिजे म्हणत, ते भोरची गाडी पकडायला निघाले.