बदामाच्या सालींचं वजन

कोणी माझ्यासमोर बदामाचं कौतुक सुरू केलं की मी उठून आत जाते. बदामाचा काही दोष नाही. राग माणसांचा आहे, आणि पाच वर्षांत तो जराही कमी झालेला नाही.

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहतो. नवरा लूमवर कामाला. माझं माहेर धुळ्याकडचं. तिथे आमच्या स्वयंपाकघरातली सगळी श्रीमंती म्हणजे शेंगदाण्याचा कूट. भाजीत तोच, लाडवात तोच. बदाम यायचे ते कोजागिरीच्या दुधापुरते, कागदाच्या पुडीत मूठभर. त्यामुळे शेजारच्या मावशींनी "घारीच्या कामाला येतेस का?" असं विचारलं, तेव्हा मला बदाम धड सोलताही येत नव्हते.

घारी ही सुरतेची मिठाई. आत मावा आणि बदाम-पिस्त्याचं सारण, वर पातळ पुरीचं आवरण. तळायची आणि मग थिजत्या तुपात बुडवून काढायची. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सगळं शहर ती खातं. अडाजणच्या एका बंगल्यात एक शेठाणी दरवर्षी घारीच्या ऑर्डरी घ्यायच्या. बंगल्यामागच्या पडवीत आम्ही सात-आठ बायका बसायचो. मावशी तिथे बारा वर्षं जात होत्या. साठी उलटलेली, नवरा कधीच गेलेला. लेक, जावई आणि दोन नातींबरोबर राहायच्या.

बदाम मला शेठाणींनी शिकवला, हे मी नाकारणार नाही. बाई शेजारी पाट घेऊन बसायच्या. उकळतं पाणी ओतायचं आणि दोनच मिनिटं थांबायचं. जास्त वेळ ठेवला तर बदाम शिजतो आणि काप तुटतात. मग गार पाण्यात टाकून चिमटीत दाबला की तो सालीतून टुणकन बाहेर येतो. काप करायचे तर ओलसर असतानाच करायचे. पूड करायची तर मात्र बदाम खडखडीत वाळलेला हवा, शिवाय मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, चमचाभर साखर घालून. नाहीतर तेल सुटतं आणि पुडीचा गोळा होतो. पोतं उघडलं की आधी नाक घालायचं, खवट वास आला तर परत. हातात वाकडा, सुरकुतलेला मामरा जातीचा बदाम आला तर तो वाटायला ठेवायचा, काप करायला सपाट मोठे. मी घरी जाऊन पाव किलो आणले, चार भिजवून वाटले आणि फ्लॉवरच्या रश्शात घातले. नवरा म्हणाला, "आज काय घातलंस? हॉटेलसारखं लागतंय." मला फार अभिमान वाटला होता.

त्या वर्षी शेठाणींचा मुलगा बाहेरगावचं शिक्षण संपवून घरी आला. चांगला पंचविशीतला. त्याने नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि सगळं मोजायला लागला. एके दिवशी त्याने दहा किलो बदाम मोजून दिले. आम्ही ते सोलले, कापले, पंख्याखाली पसरून वाळवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने काप मोजले तर अर्धा किलो कमी.

त्याने पडवीचं दार लावून घेतलं. आम्ही घरी निघालो होतो, चपला घालत होतो.

"सगळ्यांचे डबे उघडा," तो म्हणाला.

शेठाणी तिथेच उभ्या होत्या. एकेकीचा डबा उघडला, पिशवी उलटी केली. माझ्या पिशवीतून घामाचा रुमाल आणि कंगवा पडला. मावशींच्या डब्याला हात लागला तशा त्या जरा मागे सरल्या. त्याला तेवढंच पुरलं.

"डब्बो खोलो, मासी."

डब्यात बदामाच्या साली होत्या. ओल्या, तपकिरी, एकमेकींना चिकटलेल्या. आम्ही सोलून बादलीत टाकायचो त्यातल्याच. मावशी त्या वाळवून, कुटून, डाळीच्या पिठात मिसळून नातींसाठी दिवाळीचं उटणं करणार होत्या. हे मला माहीत होतं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

"मी चोर नही शे, भाऊ," त्या म्हणाल्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडून अहिराणीच यायची. "ह्या त फेकानाच शेतस."

त्याने डबा उलटा केला. साली फरशीवर पडल्या. त्याने पायाने त्या पसरवून खाली बदाम लपवलेत का ते पाहिलं. पायाने! मग म्हणाला, "आज साली नेता, उद्या बदाम न्याल. उद्यापासून येऊ नका."

मावशींनी शेठाणींकडे पाहिलं. बारा वर्षं ज्यांच्या शेजारी बसल्या, त्या शेठाणींकडे. बाई पदर सारखा करत आत निघून गेल्या. मावशी खाली वाकल्या, साली गोळा करून बादलीत टाकल्या आणि डबा बंद केला. आणि मी? मी कंगवा पिशवीत घातला आणि गप्प उभी राहिले. हा राग स्वतःवरचा आहे आणि तो सगळ्यात जास्त जाळतो.

घरी येताना रिक्षात मावशी रिकामा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. रात्री मी पाव किलोतले उरलेले बदाम तव्यावर भाजत उभी होते, साली सुटून तव्यात पडत होत्या, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साल निघाल्यावर वजन घटणार नाही तर काय? तो अर्धा किलो कोणी नेलाच नव्हता. तो सालींचा होता, बादलीत होता, आणि त्यातला थोडासा मावशींच्या डब्यात होता.

सकाळी मी कामावर गेले ते थेट शेठाणींसमोर. मुलगा काट्याजवळच होता.

"एक किलो मोजा," मी म्हणाले. "आम्ही तुमच्यासमोर सोलतो, वाळवतो. मग परत मोजा."

"कामाच्या घाईत हे कशाला आता?" शेठाणी म्हणाल्या.

"साल गेली की वजन घटतं, हे तुम्हाला ठाऊक नाही? मला बदाम शिकवला कोणी?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यांचं तोंड बघून मला कळलं की त्यांना काल संध्याकाळीच ठाऊक होतं. मुलाला बायकांसमोर खोटं पाडायचं नव्हतं, म्हणून म्हातारीला चोर ठरू दिलं. मुलगा मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "काम करायचं नसेल तर तुम्ही पण जा."

मी गेले. माझ्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. घारीला चार दिवस उरले होते आणि चुलीवर मावा होता. तो तळाला लागला असेल तर मला आनंदच आहे.

घारीच्या दिवशी दुपारी शेठाणींचा ड्रायव्हर मावशींकडे आला. मी तिथेच बसले होते. त्याने स्टीलचा डबा दिला, आत सहा घाऱ्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

"परत पाठवा," मी म्हणाले.

"अन्नवर कसाले राग?" मावशींनी दोन्ही नातींना बोलावलं, एकेक घारी हातावर ठेवली आणि स्वतः एक तुकडा मोडून नीट चावला. "काप जाडा करेल शेतस," त्या म्हणाल्या. "तुना हात नही ना."

त्या हसत होत्या. मला त्यांचाही राग आला, इतका की त्यांनी पुढे केलेला तुकडा मी घेतला नाही. दारात ड्रायव्हर अजून उभा होता. मी विचारलं, "आता काय?"

"शेठाणी म्हणाल्या, रिकामा डबा परत आणायचा."

मी काहीतरी बोलणार होते, पण मावशींनी उरलेल्या घाऱ्या ताटात काढल्या, डबा राखेने घासला, पदराने कोरडा पुसला आणि त्याच्या हातात दिला.